बॅटरी बदलताना वॉट-अवर वाचा: 'हाय कपॅसिटी' आणि ओरिजिनल, दोन्ही वापरल्यानंतरचा अनुभव

जुन्या फोनसाठी बॅटरी शोधत असाल आणि 'हाय कपॅसिटी' म्हणून मिळणाऱ्या बॅटऱ्यांवर डोळा असेल, तर ऑर्डर टाकण्याआधी हे वाचा. माझ्याकडे आणि धाकट्या भावाकडे एकाच मॉडेलचे, एकदमच घेतलेले फोन आहेत. दोन्हींच्या बॅटऱ्याही एकाच सुमारास दमल्या. भावाने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून ओरिजिनल बसवून घेतली. मी ऑनलाइन विक्रेत्याकडून जास्त क्षमतेची मागवली. मूळ बॅटरी ४००० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं नेहमीचं माप). माझ्या नव्या बॅटरीवर ५५०० छापलेलं. आकार तोच, कनेक्टर तोच, आणि किंमत ओरिजिनलपेक्षा कमी. एकाच घरात, एकाच प्रकारच्या फोनवर दोन्ही बॅटऱ्या कित्येक महिने वापरून झाल्यावर लिहितोय.

फोन बाकी ठणठणीत आहे. स्क्रीनवर ओरखडा नाही, स्टोरेज पुरतंय, लागणारी सगळी अ‍ॅप्स चालतात. केवळ बॅटरीपायी नवा फोन घ्यायचा हे मला अजिबात मान्य नाही. बॅटरी झिजणारच, ते तिच्या रसायनातच आहे. अ‍ॅपल स्वतः सांगतं की आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्ज सायकलनंतर (एकूण शंभर टक्के चार्ज वापरला की एक सायकल) ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवलेल्या आहेत; आयफोन १५ पासून हाच आकडा १००० सायकलचा झाला. युरोपीय संघाने तर जून २०२५ पासून तिथे विकायला येणाऱ्या नव्या फोनना ८०० सायकलनंतर ८० टक्क्यांची अटच घातली आहे. रोज एक सायकल धरली तर ५०० सायकल दीड वर्षाच्या आतच संपतात. फोन चार-पाच वर्षं चालवायचा असेल तर बॅटरी एकदा बदलावी लागणार, हे धरूनच चालायला हवं.

माझी जुनी बॅटरी नुसती लवकर उतरत नव्हती, दगा देत होती. तीस टक्के दिसत असताना कॅमेरा उघडून फ्लॅश मारला की फोन बंद. चार्जर लावून चालू केला की पुन्हा अठ्ठावीस टक्के! अनेकांना वाटतं फोनच बिघडला, आणि रीसेट मारून सगळा डेटा घालवून बसतात. खरं कारण बॅटरीचा वाढलेला अंतर्गत रोध. टाकीत पाणी असतं, पण तोटी गाळाने भरलेली असते. फ्लॅश किंवा मोठं अ‍ॅप एकदम जास्त करंट मागतं, व्होल्टेज क्षणभर खाली कोसळतं, आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. अ‍ॅपलने जुन्या बॅटरीचे आयफोन गुपचूप हळू केले आणि २०१७ च्या शेवटी त्यावरून गदारोळ झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. तेव्हा मधल्या टक्क्यांवर फोन बंद पडत असेल तर सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका, थेट बॅटरी बदला.

नवी ५५०० वाली बसवल्यावर पहिले काही आठवडे मी खूश होतो. सकाळी काढलेला फोन रात्रीपर्यंत चालत होता, फ्लॅशवर बंद पडत नव्हता. त्या आठवड्यांत रिव्ह्यू लिहिला असता तर पाच तारे दिले असते, आणि अशा बॅटऱ्यांखाली दिसणारे पाच तारे नेमके त्याच आठवड्यांतले असतात. मेलेल्या बॅटरीनंतर कुठलीही बॅटरी झकासच वाटते. पूर्वीच्या चार तासांचे बारा तास झाले की माणूस समाधानी. ते बारा तास ५५०० चे की ३००० चे, हे तपासायला तो जात नाही. भावाचा फोन शेजारी नसता तर मीही गेलो नसतो. तो माझ्यापेक्षा जास्त गेम खेळतो, आणि तरी रात्री त्याच्या ४००० वाल्या फोनमध्ये माझ्यापेक्षा जास्त चार्ज उरायचा. तिथून माझं मत फिरलं.

आता ज्यासाठी एवढं लिहायला घेतलं ती गोष्ट. बॅटरीच्या लेबलवर मोठ्या अक्षरात एमएएच असतं आणि त्याच्या आसपास, बहुतेक वेळा बारीक अक्षरात, वॉट-अवर. कुणी तिकडे बघत नाही. एमएएचला बॅटरीच्या सरासरी व्होल्टेजने गुणून हजाराने भागलं की वॉट-अवर निघतात. बॅटरीत खरी ऊर्जा किती, ते हा आकडा सांगतो. मूळ बॅटरी ४००० एमएएच आणि ३.८५ व्होल्टची, म्हणजे १५.४ वॉट-अवर. ५५०० खरे असते तर लेबलवर २१.२ च्या आसपास असायला हवं. माझ्या बॅटरीवर काय छापलं होतं? ५५०० एमएएच, ३.८५ व्होल्ट, आणि त्याखाली १५.४ वॉट-अवर. मूळ लेबलची नक्कल करताना मोठा आकडा तेवढा बदलला, खालची ओळ तशीच ठेवली. खोटेपणा त्याच कागदावर छापलेला होता, आणि उत्पादनाच्या पानावरच्या फोटोतही तो स्पष्ट वाचता येत होता.

मग मोजायलाच बसलो. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर मिळतो. फोन पूर्ण उतरवायचा, बंद ठेवूनच शंभर टक्क्यांपर्यंत चार्ज करायचा आणि किती वॉट-अवर आत गेले ते पाहायचं. यातला काही भाग उष्णतेत जातो, त्यामुळे मीटरचा आकडा बॅटरीच्या क्षमतेपेक्षा नेहमी जास्तच येणार. भावाच्या फोनने साधारण १८ वॉट-अवर घेतले. १५.४ च्या बॅटरीला ते अगदी जुळतं. माझ्या फोनने घेतले जेमतेम १४. तीच तूट गृहीत धरली तर माझ्या बॅटरीत १२ च वॉट-अवर होते, म्हणजे ३१०० एमएएच. पुढे बॅटरी काढल्यावर तराजूवर ठेवली, तर ओरिजिनलपेक्षा दहा-अकरा ग्रॅमने हलकी भरली. सेलमधली, म्हणजे बॅटरीच्या आतल्या ऊर्जा साठवणाऱ्या भागातली, ऊर्जा त्यातल्या धातूंच्या ऑक्साइडच्या आणि ग्रॅफाइटच्या थरांत असते. जास्त क्षमता आणि कमी वजन, हे एकाच जातीच्या सेलमध्ये जमत नाही.

टक्क्यांचं वागणंही यातूनच समजलं. फोनमधला गेज, म्हणजे टक्के मोजणारी यंत्रणा, मूळ ४००० च्या हिशोबाने बांधलेला. आत माल कमी असला की वीस टक्क्यांपर्यंत सगळं सुरळीत दिसतं आणि मग अचानक घसरगुंडी; माझा फोन अठरावरून थेट शून्यावर यायचा. याउलट खरोखर मोठी बॅटरी असेल तर फोन एक टक्क्यावर बराच वेळ तग धरतो. बॅटरी बदलल्यावर दोन-तीनदा पूर्ण उतरवून पूर्ण चार्ज केली की गेज थोडा सुधारतो. माझा सुधारला नाही.

खरी वाढीव बॅटरी असू शकते का? असते, पण तिला जागा लागते. मागचं झाकण नखाने निघायचं त्या काळात अशा बॅटऱ्या सर्रास मिळायच्या, आणि त्या प्रामाणिक होत्या, कारण सोबत कुबड आलेलं जाड झाकण यायचं. फोन जवळपास दुप्पट जाड व्हायचा आणि खरंच दोन दिवस चालायचा. अडचणी होत्याच. गॅलेक्सी एस४ सारख्या फोनमध्ये एनएफसीचा (फोन जवळ टेकवून देवाणघेवाण करण्याच्या सोयीचा) अँटेना बॅटरीतच होता, त्यामुळे बाहेरची बॅटरी घातली की एनएफसी जाऊ शकायचं. पण क्षमता खरी होती, कारण घनफळ खरं होतं. आजच्या चांगल्या फोन-सेलमध्ये एका लिटर घनफळात साधारण ७०० वॉट-अवर बसतात. माझ्या फोनच्या खाचेत बसणारी बॅटरी लांबी-रुंदी-जाडी धरून २४ घन सेंटिमीटरही होत नाही. तिथे २१ वॉट-अवर मावणार कुठे? पट्टी घेऊन हा हिशोब कुणीही पाच मिनिटांत करू शकतो. नवीन सिलिकॉन-कार्बन सेलमुळे तेवढ्याच जागेत जास्त क्षमता येऊ लागली आहे हे खरं, पण ते सेल आणि त्यांचं चार्जिंग सर्किट त्या-त्या फोनसाठी एकत्र घडवलेलं असतं. जुन्या फोनसाठी स्वस्तात मिळणाऱ्या बॅटरीत तसलं काही नसतं.

इथपर्यंत माझा राग पैसे वाया गेल्याचा होता. पुढच्या महिन्यात फोन टेबलावर ठेवला की किंचित डुलायला लागला. उजेडासमोर आडवा धरला तर मागचं पॅनल एका कडेला केसभर उचललेलं. बॅटरी फुगली होती.

फुगण्यामागे काय असू शकतं तेही सांगतो, कारण ही माहिती कुठलाच विक्रेता देत नाही. जुन्या धाटणीचे लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करायचे असतात. अलीकडच्या फोनमधले सेल ४.३५, ४.४ किंवा त्याहून वर जातात. किती व्होल्टला थांबायचं हे फोन ठरवतो. लेबलवर ४.४ लिहून आत ४.२ चा स्वस्त सेल भरला, तर फोन बिचारा आपल्या ठरलेल्या ४.४ पर्यंत चार्ज करत राहतो आणि सेल रोज थोडा ओव्हरचार्ज होतो. आतलं इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन वायू तयार होतो आणि सेलचं बंद पाकीट फुगतं. माझ्या बॅटरीत नेमकं हेच झालं, असं ती फोडून पाहिल्याशिवाय म्हणता येणार नाही, आणि फुगलेली बॅटरी फोडायची नसतेच. पण चार्ज होताना ती भावाच्या फोनपेक्षा कायम जास्त गरम व्हायची, हे दोघांनीही हात लावून पाहिलं होतं.

विक्रेत्याशी झालेला वाद वेगळाच. बॅटरीवर सहा महिन्यांची वॉरंटी होती आणि मी मुदतीत होतो. फोटो पाठवले. उत्तर आलं की फुगणं हा 'चुकीचा वापर' आहे, वॉरंटी फक्त 'निर्मितीतील दोषा'ला. चार्जर कुठला वापरला, रात्रभर लावून ठेवला का, असले प्रश्न. फोनसोबत आलेलाच चार्जर वापरतो हे सांगितलं, लेबलचा फोटो पाठवला, वॉट-अवरचा हिशोब मांडून विचारलं की यातला कुठला आकडा खरा. या एका प्रश्नाला आजतागायत उत्तर नाही. 'पुढच्या ऑर्डरवर सवलत' तेवढी देऊ केली. माणसाच्या खिशात राहणाऱ्या वस्तूवर खोटा आकडा छापायचा आणि ती फुगली की वापरणाऱ्यालाच दोष द्यायचा, ही लबाडी आहे. दुसरा शब्द नाही.

शेवटी मीही सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथेही सगळं छान होतं असं नाही. आधी 'मॉडेल जुनं आहे, पार्ट नाही' म्हणाले. भावाची बॅटरी इथेच बदलल्याचं बिल दाखवल्यावर पार्ट निघाला. काढून आणलेल्या बॅटरीवरची उत्पादनाची तारीख पाहिली तर दोन वर्षांपेक्षा जुनी. लिथियम-आयन सेल वापरला नाही तरी पडून पडून झिजतो, आणि गोदामात उष्णता असेल तर जास्तच. ताजी तारीख असलेली द्या म्हणून हटून बसलो. थोडी कुरकुर झाली, पण दुसरी दिली, आणि ती चार महिन्यांचीच निघाली! त्या काउंटरवरच्या मुलाने स्वतःहून एक खरं सांगितलं: फोन एकदा उघडला की पाणीरोधक सील पूर्वीसारखं राहील याची हमी नाही. नवा गम लावून दिला, पण मी आता हा फोन पाण्यापासून लांबच ठेवतो.

ही बॅटरी लावल्यापासून माझा आणि भावाचा फोन रात्री जवळपास सारख्या टक्क्यांवर असतात. मीटरवरही आकडा १८ च्या जवळच येतो. दोघांनी चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली आहे. सेल सतत वरच्या व्होल्टेजला राहिला नाही की झीज कमी होते. बाहेर जास्त वेळ लागणार असेल त्या दिवशी शंभर करतो.

दिवसाच्या शेवटी चार्ज कमी पडतोय एवढीच तक्रार असेल, तर वाढीव बॅटरीपेक्षा पॉवर बँक घ्या, पण तिथेही वॉट-अवरच बघा. १०,००० एमएएच ३.७ व्होल्टला मोजलेले असतात, म्हणजे ३७ वॉट-अवर. त्यातले रूपांतरात बरेच जातात, त्यामुळे माझ्यासारखा १५.४ वॉट-अवरचा फोन दोनदा भरला तरी खूप झालं. कंपनीची बॅटरी मिळतच नसेल आणि बाहेरचीच घ्यावी लागणार असेल, तर मूळ क्षमतेइतकाच आकडा सांगणारी, चार्ज व्होल्टेज मूळ बॅटरीइतकंच छापलेली आणि उत्पादनाची तारीख असलेली घ्या. लेबलचा स्पष्ट फोटो आधी मागा. देत नसतील तर विषय संपला.

फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, टाचणीने हवा काढायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. माझी काढल्यावर कनेक्टरला चिकटपट्टी लावून, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवली होती. नंतर ई-कचरा घेणाऱ्यांकडे डब्यासकट दिली.