मनगट मोडलं: प्लास्टर, तारा की प्लेट?

एक डॉक्टर म्हणतात प्लास्टर पुरेल, दुसरे म्हणतात प्लेट टाकावी लागेल, आणि घरात लगेच दोन तट पडतात. हात टेकून पडल्यावर मोडणाऱ्या मनगटाबाबत हे नेहमीचंच. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झालेल्या बायकांमध्ये तर फारच. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली, म्हणजे एक्स-रे यायच्या कितीतरी आधी, या फ्रॅक्चरचं वर्णन केलं. हाताचा वाकडेपणा जन्मभर राहतो, पण हात पुढे मोकळा चालतो आणि दुखत नाही, असं ते म्हणाले होते. ते जरा जास्तच आशावादी होते. तरी साठी-पासष्टीपुढच्या रुग्णांपुरती त्यांची बाजू अजून पुष्कळ टिकून आहे.

निर्णय काहीही होवो, बांगड्या आणि अंगठ्या पहिल्या तासातच उतरवा. सूज चढली की साबण लावूनही निघत नाहीत, मग कापाव्या लागतात.

प्लास्टरचा मार्ग असा: हाड सरकलं असेल तर हात बधिर करून ओढून जागेवर बसवतात, आधी कच्चं प्लास्टर, सूज उतरली की पक्कं. एकूण पाच-सहा आठवडे. चिरा नाही, जंतुसंसर्गाची भीती जवळजवळ नाही, खर्च कमी. खरी मेख पहिल्या दोन आठवड्यांत आहे. बसवलेलं हाड आतल्या आत पुन्हा सरकू शकतं आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून आठवड्याने आणि पंधरवड्याने एक्स-रे काढायचाच. ‘दुखत नाही, मग कशाला?’ म्हणून तो चुकवणाऱ्यांचंच हाड पुढे वाकडं जुळलेलं सापडतं.

तारांमध्ये मोठा छेद नसतो. बारीक तारा कातडीतून हाडात घालतात, वर प्लास्टर असतंच, आणि चार-सहा आठवड्यांनी त्या ओढून काढतात. तारेच्या तोंडाशी कधी पू होतो.

प्लेट बहुधा तळहाताच्या बाजूने बसवतात. फायदा सरळ आहे: एक-दोन आठवड्यांत मनगट हलवायला लागता येतं. एकट्या राहणाऱ्या किंवा हातावर पोट असलेल्या माणसाला हे आठवडे मोलाचे असतात. बदल्यात भूल, टाके, जखमेचा धोका आणि कितीतरी जास्त खर्च. कधीकधी प्लेटवर घासून अंगठ्याचा स्नायूबंध झिजतो, तेव्हा ती काढावी लागते.

आता वर्षभराने काय होतं ते पाहू. ब्रिटनमधल्या २०१४ च्या एका मोठ्या चाचणीत तारा आणि प्लेट यांत वर्षाअखेर हाताच्या कामात फरक दिसला नाही. २०२२ च्या दुसऱ्या चाचणीत हाड बसवल्यानंतर नुसतं प्लास्टर आणि तारा यांची तुलना झाली, तिथेही हात सारखेच चालले. मात्र प्लास्टरवाल्यांपैकी सुमारे आठांत एकाला पहिल्या सहा आठवड्यांतच ऑपरेशन लागलं. म्हणजे प्लास्टर निवडताना हा आठातला एक आपण असू शकतो, एवढी तयारी ठेवायची.

माझं मत विचाराल तर पासष्टीपुढे, घरातली बेताची कामं असताना, एक्स-रे थोडा वाकडा दिसतो एवढ्यावरून घाबरून प्लेटला होकार देऊ नये. चाळिशीतला सुतार असेल, हाड तीन मिलिमीटरहून जास्त आखूड झालं असेल किंवा सांध्याच्या पृष्ठभागावर दोन मिलिमीटरची पायरी पडली असेल, तर मात्र तारा-प्लेटचा विचार लांबवू नका. हे आकडे डॉक्टरांना एक्स-रेवर बोट ठेवून दाखवायला सांगा, ते दाखवतात.

काही वेळा निवड उरतच नाही. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, बोटं बधिर होत चालली असतील, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. हाडवैद्याकडून घट्ट बांबूपट्टी बांधून घेणं अशा वेळी फार महागात पडतं. रक्तपुरवठा तुटून हात गमावल्याची उदाहरणं आहेत. प्लास्टरमध्येही बोटं निळी पडली किंवा कळा असह्य झाल्या तर सकाळची वाट पाहू नका.

तिन्ही मार्गांत बोटं आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवायचे. हात गळ्यात अडकवून महिनाभर गप्प बसलेल्यांचा खांदा आखडतो, आणि तो सुटायला मनगटापेक्षा जास्त वेळ घेतो. शिवाय साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल तर डेक्सा स्कॅन करून हाडांची घनता तपासून घ्या. पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं, आणि तिथे नुसत्या प्लास्टरने क्वचितच भागतं.