अंगठा लगेच घेतला, लॉक-इनचं कोणी बोललं नाही (तीन स्टार)

कोथरूडमधल्या घरपोच भाडेकरार नोंदणीवाल्यांबद्दल लिहितेय. नाव मुद्दाम टाकत नाही. या भागात अशा एजन्सी गल्लोगल्ली आहेत आणि सगळ्यांचा नमुना करार एकच असावा अशी मला दाट शंका आहे.

आधी चांगलं. वन बीएचके, भाडं 18,000, डिपॉझिट 60,000, मुदत 11 महिने, 1 जूनपासून. एजन्सीचा मुलगा सांगितल्या वेळी, म्हणजे रविवारी सकाळी साडेनऊला, लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन हजर. पुण्यात हे एवढंसुद्धा कौतुकाचं. घरमालक काका शहात्तर वर्षांचे, त्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. मशीन सारखं नाही म्हणत होतं. मुलाने न वैतागता त्यांना गरम पाण्याने हात धुऊन यायला सांगितलं, दहाही बोटं लावून पाहिली, शेवटी डाव्या मधल्या बोटावर काम झालं. साक्षीदार म्हणून शेजारच्या काकू आणि त्यांचा जावई. चौथ्या दिवशी नोंदणी झालेला करार व्हॉट्सअ‍ॅपवर आला. एकूण 2,800 रुपये, त्यातले स्टँप ड्युटी, नोंदणी फी वगैरे मिळून 1,800 च्या वर सरकारचेच. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. खर्च मात्र आमच्याकडे रीतीप्रमाणे अर्धा-अर्धा.

आता दुसरी बाजू. अंगठ्याआधी मुलगा एवढंच म्हणाला, "ताई, नाव, पत्ता, रक्कम बघून घ्या, बाकी स्टँडर्ड आहे." मी नाव, पत्ता, रक्कम बघितली. चूक माझीही आहे, मी बँकेत काम करते, लोकांना कर्जाचे कागद वाचून सह्या करा म्हणून रोज सांगते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सांगलीला बदलीची ऑर्डर आली. 8 तारखेला काकांना सांगितलं, महिनाअखेर घर सोडते. काका शांतपणे म्हणाले, "पान सहा बघा." पान सहावर सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तेवढ्या काळात करार मध्येच मोडता येत नाही, दोघांनाही लागू; त्यानंतर एक महिन्याची लेखी नोटीस. म्हणजे काकांच्या हिशेबाने नोव्हेंबर अडकलेला, आणि नोटीस लॉक-इन संपल्यावरच देता येते म्हणून डिसेंबरही. 36,000. वर रंगाचे 8,000. डिपॉझिटमधून हातात 16,000.

एजन्सीला फोन केला. एजन्सीचे मालक म्हणाले, "मॅडम, आमचं काम नोंदणीपर्यंत." बरोबरच आहे, पावतीवरही तेच आहे. पण मग तुम्ही "बाकी स्टँडर्ड" कशाच्या जोरावर म्हणता?

थोड्या वेळाने त्यांच्याच ऑफिसातल्या एक ताईंचा फोन आला. त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवते, कारण कामी आलं. तोंडी बोलणं धरू नका, आजच ईमेलने नोटीस द्या. करार मोडला तरी समोरच्याला भरपाई मिळते ती वाजवी, घर पुन्हा भाड्याने गेलं तर पूर्ण दोन महिने मागणं टिकणं अवघड. तेव्हा भांडत बसण्यापेक्षा भाडेकरू शोधून द्या. आणि जाताना ताबा पावती, चाव्यांची संख्या, मीटर रीडिंगचा फोटो, दोघांच्या सह्या. रंगाचं करारात काही आहे का बघा म्हणाल्या. नव्हतं.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा भाऊ नोकरीसाठी पुण्यात येणार होता. त्याला घर आवडलं, काकांनाही तो आवडला ("मांसाहार बाहेर करीन" म्हणाला). मी 31 ऑक्टोबरला निघाले, तो 16 नोव्हेंबरला आला. मधल्या पंधरवड्याचं 9,000 मी देणं लागत होते, ते मान्य केलं. रंगावर घासाघीस झाली. पाच महिन्यांत मी एक खिळा मारला होता, कॅलेंडरसाठी. पण ओट्यामागची भिंत फोडणीने पिवळी झाली होती हे खरं, म्हणून 5,000 वर तोडलं. काकांनी त्या वेळी चहा पाजला, हेही लिहायला हवं.

नव्या भाडेकरूचा करार काकांनी याच एजन्सीकडून केला. मी त्याला आधीच फोन करून पान सहा वाचायला लावलं. त्याने लॉक-इन तीन महिन्यांवर आणून घेतला. मुलाने लॅपटॉपवर तिथल्या तिथे बदलून दिला, एक पैसा जादा न घेता. म्हणजे बदलता येत होतं तर!

वेळ पाळणं, काकांच्या बोटांसाठी दाखवलेला धीर आणि त्या ताई, यांचे तीन स्टार. 46,000 पैकी 44,500 खात्यात आले आहेत. उरलेले 1,500 लाइट बिल आलं की देतो म्हणालेत काका.