मीच माझा पासपोर्ट टपालात टाकला

माझा भारतीय पासपोर्ट मी स्वतःच्या हाताने पाकिटात घातला, त्याला चिकटपट्टी लावली आणि भामट्यांच्या पत्त्यावर पाठवून दिला. तो मला परत मिळाला नाही. त्याच्याबरोबर अमेरिकेचा व्हिसा गेला, ६३९ डॉलर गेले (त्यातले १८९ पुढे परत मिळाले), आणि माझी व माझ्या आईवडिलांची सगळी माहिती कुणाच्या तरी हाती गेली ती कायमची. इतके महिने मी हे चार जवळच्या माणसांपलीकडे कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. पण मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला आणि वाटलं, मी आधीच बोलले असते तर तिच्यावर ही वेळ आली नसती. तिचं काय झालं ते पुढे सांगते.

मी मिशिगनमध्ये राहते, एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर नोकरी करते. भारतातून परत आलं की आय-९४ (इथे कधीपर्यंत राहता येईल ती सरकारी नोंद) काढून बघायचं असतं, हे माहीत असूनही मी बघितलं नव्हतं. चार-पाच महिन्यांनी गाडीचं लायसन्स नव्याने करायला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे इथे लायसन्स देणाऱ्या, ऑफिसात गेले, तेव्हा खिडकीपलीकडची बाई म्हणाली, तुमची मुदत साडेतीन महिन्यांत संपतेय, त्यापुढचं लायसन्स देता येणार नाही. माझ्या एच-वन-बीच्या मंजुरीपत्रावर तर अजून दोन वर्षं होती. झालं असं होतं की माझा पासपोर्ट त्याआधीच संपत होता, म्हणून डेट्रॉइट विमानतळावर मला पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मुदत दिली होती. इथे किती दिवस राहता येईल ते व्हिसाच्या स्टिकरवर नाही, आय-९४ वर ठरतं. आणि भारतीय पासपोर्ट मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नवा करून घेता येतो. मी तो भारतात जायच्या आधीच करून घेतला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्या रात्री जेवण झाल्यावर फोनवरच शोधायला बसले. अमेरिकेतून भारतीय पासपोर्ट रिन्यू, टपालाने, लवकर, असं काहीतरी टाइप केलं. सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. त्याच्यावर बारीक अक्षरात ‘जाहिरात’ असं लिहिलेलं होतं. ते मला नंतर दिसलं. पानावर अशोकस्तंभ होता, तिरंग्याची पट्टी होती, नावात ‘पासपोर्ट’ आणि ‘इंडिया’ दोन्ही शब्द होते. पत्त्याच्या शेवटी मात्र ‘गव्ह डॉट इन’ नव्हतं. भारत सरकारच्या पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अशा नकली साइटपासून सावध राहा अशी सूचना दिलेली आहे. पण ती वाचायला आधी खऱ्या संकेतस्थळावर जावं लागतं, आणि मी तिथे गेलेच नव्हते.

मी शिकलेली आहे, रोज संगणकावर काम करते, तरी मला शंका का आली नाही, हा प्रश्न मी स्वतःला खूप वेळा विचारला आहे. त्यासाठी खरी पद्धत कशी असते ते आधी सांगायला हवं. सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा. तो भरला की एआरएन, म्हणजे अर्जाचा क्रमांक मिळतो. त्याची छापील प्रत काढून सही करायची, फोटो लावायचा. मग वाणिज्य दूतावासाने नेमलेल्या खासगी कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन तीच माहिती पुन्हा भरायची, शुल्क आणि वर त्यांचा सेवा आकार भरायचा, कुरिअरचं लेबल घ्यायचं, आणि कागदपत्रांबरोबर मूळ पासपोर्ट पाकिटात घालून पाठवून द्यायचा. म्हणजे जे एरवी कुणीही करू नये म्हणून सांगतो, खासगी कंपनीला कार्डाने पैसे आणि अनोळखी पत्त्यावर मूळ पासपोर्ट, तेच खऱ्या पद्धतीतही करावं लागतं. मैत्रिणींकडून हे सगळं मी ऐकून होते. त्यामुळे नकली साइटने पासपोर्ट टपालाने मागितला तेव्हा मला उलट खात्रीच वाटली. त्यांनी खऱ्या पद्धतीतल्या सगळ्या पायऱ्या जशाच्या तशा उचलल्या होत्या आणि पहिली तेवढी गाळली होती: सरकारी पोर्टल आणि तिथला एआरएन.

फॉर्ममध्ये मी नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची पूर्ण नावं, पुण्याचा पत्ता, पासपोर्टचा आणि व्हिसाचा नंबर, सगळं भरलं. सोशल सिक्युरिटी नंबरही (अमेरिकेत कर आणि कर्जासाठी लागणारा ओळख क्रमांक) मागितला होता, तोही दिला. भारतीय पासपोर्टच्या अर्जाशी त्या नंबरचा काही संबंध नाही. कुणी मागितला तर तिथेच थांबा. शेवटी १८९ डॉलर कार्डाने भरले. ३६ पानी पासपोर्टचं सरकारी शुल्क ७५ डॉलर असतं. वरच्या पैशांत ‘जलद प्रक्रिया’ आणि ‘तपासणी’ धरली आहे, असं त्यांनी लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. स्क्रीनवर शिकागोच्या वाणिज्य दूतावासाचा नंबर होता. मिशिगनचं काम शिकागोकडेच येतं, म्हणून मी निर्धास्त झाले. नंबर हवा तो दाखवता येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासाने अशा फोनबद्दल २०१८ मध्येच जाहीर इशारा दिला होता: दूतावासाचा नंबर दाखवायचा, कागदपत्रांत चूक आहे म्हणायचं आणि पैसे उकळायचे.

माणूस आधी हिंदीत बोलला. मग म्हणाला, “ताई, तुम्ही पुण्याच्या का? पासपोर्टवर पुणे दिसतंय. माझं आजोळ साताऱ्याचं.” पुढची दहा मिनिटं आम्ही मराठीत बोललो. परदेशात दिवसभर इंग्रजी बोलून थकलेल्या माणसाला कुणी ‘ताई’ म्हटलं की काय होतं, हे बाहेर राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. त्याने अगदी बरोबर प्रश्न विचारले. पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागते असा, शिक्का आहे का, नवऱ्याचं नाव घालायचं आहे का, पत्ता बदलायचा आहे का. घाई कुठेच केली नाही. लेबल ईमेलने पाठवतो, ते पाकिटावर लावा, वेगळे पैसे नकोत, म्हणाला.

लेबलवरचा पत्ता न्यू जर्सीतला होता. हे मला खटकलं. मी विचारलं, शिकागो का नाही? “आता एकाच केंद्रात सगळं होतं, ताई,” असं उत्तर आलं आणि मी ते मानलं. शिकागोच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत खात्री करता आली असती.

पाकीट पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसलं. पाच दिवसांनी त्याचाच फोन आला. आवाज तोच, ‘ताई’ही तेच, पण आता पुण्याची पोलीस पडताळणी अडकली होती. ४५० डॉलर भरले तर दोन दिवसांत सुटेल, नाहीतर फाइल परत जाईल आणि मुदत संपल्यावर इमिग्रेशनला कळवावं लागेल. कार्ड चालणार नाही, बँकेच्या ॲपमधून थेट पाठवा. माझी मुदत कधी संपते हे मीच पहिल्या फोनवर घाईचं कारण म्हणून त्याला सांगितलं होतं. पैसे पाठवले. आठवड्याने पुन्हा ६०० मागितले, तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं. पहिले ४५० मी त्याच्यापासून लपवले होते, कारण त्याला उगाच काळजी नको असं वाटलं. एकट्याने निस्तरायला जाऊ नका. हे मी फार कळवळून सांगते आहे.

नवऱ्याने मराठी मंडळातल्या एका काकांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, “एआरएन किती आहे?” माझ्याकडे एक लांबलचक ‘संदर्भ क्रमांक’ होता. काकांनी तो सरकारी पोर्टलवर टाकून पाहायला सांगितलं. अशी नोंदच नव्हती. सकाळी शिकागोला, दूतावासाच्या संकेतस्थळावरचा नंबर स्वतः लावून फोन केला. तुमच्या नावाने कुठलाही अर्ज आलेला नाही, असं तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं. मग म्हणाल्या, आधी पोलिसांत तक्रार करा, पासपोर्ट हरवल्याचा अर्ज करावा लागेल.

पुढचे दोन महिने कसे गेले ते सगळं सांगत नाही, उपयोगाचं तेवढं सांगते. कार्डाने भरलेले १८९ डॉलर परत आले. त्यासाठी क्रेडिट कार्ड कंपनीकडे लेखी हरकत घ्यावी लागते, आणि व्यवहार ज्या स्टेटमेंटवर आला ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत. बँकेच्या ॲपमधून मी स्वतः पाठवलेले ४५० परत आले नाहीत. तुम्हीच पाठवलेत, असं उत्तर मिळालं. म्हणून कार्ड नको, थेट पाठवा, असं कुणी म्हणालं की फोन ठेवा.

सोशल सिक्युरिटी नंबर गेला होता, म्हणून इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट गोठवलं, म्हणजे माझ्या नावाने कुणाला नवं कर्ज काढता येऊ नये. २०१८ पासून ते फुकट करता येतं, तिघांकडे वेगवेगळं करावं लागतं. आयआरएस या करखात्याकडून ओळख संरक्षणाचा पिन घेतला, म्हणजे माझ्या नावाने दुसरं कुणी करविवरण भरू शकणार नाही. तक्रारी फेडरल ट्रेड कमिशनकडे, एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्राकडे आणि टपाल वापरलं गेलं म्हणून पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडेही केल्या. न्यू जर्सीच्या त्या पत्त्यावरचा ‘सूट’ (इमारतीतला खोली क्रमांक) म्हणजे एका दुकानातली भाड्याची टपालपेटी निघाली. लेबल त्यांनी काढलेलं, त्यामुळे कागदोपत्री पाठवणारी मी नव्हतेच. पाकीट पोचण्याआधी कळलं असतं तरी ते अडवायचा अधिकार माझ्याकडे नव्हता. ‘वेगळे पैसे नकोत’ म्हणजे काय, ते तेव्हा उमगलं.

हरवलेल्या पासपोर्टचा अर्ज नेहमीसारखा नसतो. शुल्क जास्त, पोलिसांच्या तक्रारीची प्रत हवी, कसा आणि कुठे गेला याचं प्रतिज्ञापत्र हवं, आणि आधीचा पासपोर्ट जिथून निघाला होता त्या पुण्याच्या कार्यालयाकडून खातरजमा व्हावी लागते. एक रंगीत झेरॉक्स माझ्या जुन्या ईमेलमध्ये सापडली, तिने फार मदत झाली. नवा पासपोर्ट हातात आला तेव्हा आय-९४ ची मुदत संपायला १९ दिवस होते. कंपनीच्या वकिलांनी मुदतवाढीचा अर्ज त्या आत दाखल केला. मुदत संपण्यापूर्वी अर्ज गेला असेल तर निर्णय येईपर्यंत, जास्तीत जास्त २४० दिवस, काम चालू ठेवता येतं, एवढ्यावर माझी नोकरी टिकली.

व्हिसाचं दुःख वेगळं आहे. साध्या नूतनीकरणात जुना पासपोर्ट कोपरा कापून, रद्द करून परत देतात, आणि त्यातला चालू व्हिसा तसाच चालतो. दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवून प्रवास करता येतो. माझा जुना पासपोर्टच नसल्याने तो व्हिसाही संपला. त्यानंतर चुलतभावाचं लग्न झालं, मी गेले नाही. परत येण्याआधी तिकडे व्हिसासाठी पुन्हा मुलाखत द्यावी लागली असती आणि तारीख कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. आईला अजून खरं कारण सांगितलेलं नाही. तिचं माहेरचं नावसुद्धा मी त्या फॉर्ममध्ये लिहून दिलं, हे मला सांगवत नाही.

आता त्या मुलीचं. ती इंडियानापोलिसला शिकते. मागच्या महिन्यात तिने फोन करून सहज विचारलं, “काकू, तुम्ही पासपोर्ट केलात तेव्हा किती दिवस लागले? मी आज सकाळीच पाठवला.” मी काकांचाच प्रश्न विचारला. तिच्याकडे एआरएन नव्हता. तिलाही मराठी बोलणारा कुणी भेटला होता, तो मात्र तिला ‘बाळा’ म्हणत होता. लेबल कुणी काढलं, विचारलं. त्यांचं लेबल तिच्या प्रिंटरवर नीट उमटलं नव्हतं, म्हणून तिने पोस्टाच्या खिडकीवर स्वतःच्या पैशांनी नवं काढलं होतं. पावती होती, ट्रॅकिंग नंबर होता, पाठवणारी म्हणून तिचंच नाव होतं. आम्ही फोन चालू ठेवूनच पोस्टाच्या संकेतस्थळावर पाकीट अडवण्याची विनंती भरली. थोडे पैसे लागतात, आणि वाटप होण्याआधी सापडलं तरच अडतं. ती रडत होती, मी तिला अर्ज वाचून दाखवत होते.

सहाव्या दिवशी तिने फोटो पाठवला. तिच्या टेबलावर ते पाकीट होतं, न उघडलेलं. वरचा न्यू जर्सीचा पत्ता वाचता येत होता. तोच रस्ता, तेच दुकान, फक्त सूटचा नंबर वेगळा.