बारा वर्षांच्या संगणकावर लिनक्स मिंट : चार महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या खानापूरच्या घरातील संगणक 2013 साली बेळगावात सुटे भाग जुळवून करून घेतलेला आहे. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-3 प्रोसेसर, एच-61 जातीचा मदरबोर्ड, 4 जीबी रॅम आणि 500 जीबीची हार्ड डिस्क असा त्याचा संसार. माझे लेखन, परिसरातील ग्रामीण साहित्य संमेलनाच्या स्मरणिकेचे मुद्रितशोधन, पत्नीचे ऑनलाइन व्यवहार आणि नातीचा अभ्यास ही सगळी कामे याच एका यंत्रावर होतात. गेल्या दोन वर्षांत तो इतका संथ झाला होता की सकाळी बटण दाबून मी पूजेची फुले काढायला परसात जात असे आणि परत आल्यावरही पडद्यावरचे वर्तुळ फिरतच असे. दिवाळीच्या सुटीत त्यात एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर मजकूर साठवणारी डिस्क) बसवली, रॅम (चालू कामापुरती स्मृती) वाढवली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम घातली. या तिन्ही गोष्टींचे हे परीक्षण आहे. त्यातल्या कोणत्या गोष्टीने नेमके काय दिले हे मी जाणीवपूर्वक वेगवेगळे तपासले, कारण याबाबतीत लोकांची सर्वांत जास्त गल्लत होते आणि त्या गल्लतीपोटी पैसे वाया जातात.

आधी संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात दाखवला होता. तिथल्या मुलाने झाकण न उघडताच सांगितले, “सर, ह्येच्यात आता पैसे घालू नका की वो, नवीनच घ्या.” नवीन घ्यायला माझी ना नव्हती, पण यंत्र कशामुळे अडते आहे हे कळल्याशिवाय ते टाकून देणे मला पटेना. कोणता भाग किती राबतो ते दाखवणारा विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून अर्धा तास नुसता बघत बसलो. प्रोसेसरचा वापर दहा-पंधरा टक्क्यांच्या वर जात नव्हता. डिस्कचा आकडा मात्र 100 टक्क्यांवर खिळलेला होता. दोष ऑपरेटिंग सिस्टिमचाही नव्हता आणि प्रोसेसरचाही नव्हता. सगळे जण डिस्कच्या दारात रांग लावून उभे होते.

हे का घडते ते समजून घेण्यासारखे आहे. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारा काटा तिच्यावर मागेपुढे सरकतो. मिनिटाला 7200 म्हणजे सेकंदाला 120 फेऱ्या. त्यामुळे काटा योग्य जागी जाणे आणि हवा तो तुकडा फिरून त्याच्याखाली येणे यात दर वेळी सरासरी 12 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. सेकंदाला फार तर 80 ते 100 ठिकाणचे वाचन होते. एकच मोठी चित्रफीत ओळीने वाचायची असेल तर हे चालून जाते, पण संगणक सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना हजारो लहान फायली डिस्कभर विखुरलेल्या जागांवरून गोळा कराव्या लागतात आणि तिथे ती थकते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला अशी हजारो वाचने सहज करते. शिवाय रॅम अपुरी असली की सिस्टिम तात्पुरता मजकूर डिस्कवरच नेऊन ठेवते, म्हणजे आधीच दमलेल्या डिस्कवर आणखी ओझे पडते. म्हणून या दोन वस्तू एकत्रच घ्याव्यात.

मी 256 जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (साटा म्हणजे डिस्क केबलने बोर्डाला जोडण्याची पद्धत) आणि डीडीआर-3 जातीच्या रॅमची 4 जीबीची एक जुनी पट्टी घेतली. दोन्ही मिळून अडीच हजार रुपयांच्या आत काम झाले. दुकानात एम-2 प्रकारची बारीक पट्टीसारखी डिस्क दाखवतील, तिचा वेगही जास्त सांगतील. पण एच-61 बोर्डावर तिच्यासाठी जागा नसते, तेव्हा ती घेऊ नये. या बोर्डावरचे साटा पोर्टही जुन्या पिढीचे, सेकंदाला 3 गिगाबिटचे असतात, त्यामुळे एसएसडीच्या खोक्यावर छापलेल्या वेगाच्या साधारण निम्माच मिळतो. त्याने निराश होण्याचे कारण नाही, कारण आपल्याला फरक जाणवतो तो शोधाशोध थांबल्याचा, वाहतुकीच्या रुंदीचा नव्हे. झाकण उघडलेच होते म्हणून पंख्यात साचलेली धूळ ब्रशने काढली, प्रोसेसरवरची वाळून खडूसारखी झालेली पेस्ट पुसून नवी लावली आणि मदरबोर्डवरचा गोल सेल बदलला. हा सीआर-2032 सेल संपला की संगणकाची तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर बँकेची व सरकारी संकेतस्थळे सुरक्षित नाहीत असे सांगून उघडत नाही. आमच्याकडे दर पावसाळ्यात वीज गेल्यावर हे होत असे, आणि मी मात्र इंटरनेटवाल्याला फोन करत बसे.

आता मोजमाप. बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये पहिले पान पूर्ण दिसेपर्यंतचा वेळ मी घड्याळ लावून तीन-तीनदा घेतला. जुन्या डिस्कवर विंडोज 10 असताना हा वेळ चार मिनिटांच्या थोडा पुढे होता. एसएसडीवर विंडोज 10 नव्याने घातल्यावर तो 45 सेकंदांवर आला. त्याच एसएसडीवर लिनक्स मिंट घातल्यावर 38 सेकंद. म्हणजे चार मिनिटांतली जवळजवळ सगळी बचत डिस्कने केली आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलून वर सात सेकंद मिळाले. “लिनक्स घाला, संगणक पळायला लागेल” असे सांगणाऱ्यांनी आणि ते ऐकणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. जुन्या हार्ड डिस्कवर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम घातली तरी काट्याला तेवढाच वेळ लागणार आहे.

मग ऑपरेटिंग सिस्टिम बदललीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वेगात नसून मुदतीत आहे. विंडोज 10 चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपवला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास सुरक्षा अद्यतने (अपडेट) 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळण्याची सोय आहे, म्हणजे वर्षभराची सवड. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचा तिसऱ्या पिढीचा असल्याने तो रस्ता बंद. ही अट चुकवून विंडोज 11 घालून देणारे भेटतात, पण अशा संगणकांना अद्यतने मिळत राहतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि ज्या यंत्रावर पत्नी बँकेचे व्यवहार करते तिथे मला तशी उधारीची व्यवस्था नको होती. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने डेबियन या लिनक्सच्या आधारावर तयार केलेली बॉस लिनक्सही मी पाहिली. भारतीय भाषांसाठी तिचे महत्त्व मला मान्य आहे, तरीही अडचण आल्यावर विचारायला माणसे जास्त कोठे मिळतील या एका निकषावर मिंट निवडली.

मिंटची 22 ही मालिका उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेली असून तिला एप्रिल 2029 पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. तिची सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशी तीन रूपे मिळतात. मी त्यांतले सर्वांत हलके एक्सएफसीई घेतले. नुसते सुरू करून ठेवल्यावर ते जेमतेम 1 जीबी रॅम घेते, उरलेली ब्राउझरच्या वाट्याला येते. मिंटची मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी की पेनड्राइव्हवरून ती चालवून पाहता येते आणि तेवढ्या काळात डिस्कला हातही लागत नाही. मी दोन दिवस तशीच वापरली, ध्वनी, वाय-फाय, प्रिंटर, बँक, जमिनीचा उतारा काढण्याचे ‘भूमी’चे संकेतस्थळ, सगळे तपासले आणि मगच कायमची घातली. पेनड्राइव्हवरून ती थोडी संथ चालते, त्यावरून मत बनवू नये.

आमच्या भागातल्या घरासाठी खरी परीक्षा मात्र भाषेची असते. सीमाभागातल्या मराठी घरात एकाच संगणकावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा रोज लागतात. मुलाचे शिक्षण मराठी माध्यमात असले तरी कन्नड विषय असतोच आणि पंचायतीचा अर्ज कन्नडमध्ये लिहावा लागतो. या कसोटीवर मिंटने माझी अपेक्षा ओलांडली. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी, कन्नड आणि इंग्रजी हे तीन लेआउट (कळींच्या मांडण्या) जोडले की वेगळे काही विकत न घेता आणि इंटरनेटवरून काही न उतरवता एका कळीच्या जोडीने भाषा बदलते. मी इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण मांडणीवर टंकलेखन करतो. त्यात शिफ्ट आणि जे या कळींवर ‘ऱ’ येतो, त्यामुळे ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द मोडके न होता उमटतात. ‘ळ’ शिफ्ट आणि एन वर आहे. इन्स्क्रिप्टची मांडणी देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांना समान असल्यामुळे कन्नडसाठी बोटांना वेगळे वळण लावावे लागत नाही.

नातीला मात्र इन्स्क्रिप्ट जमले नाही. तिच्यासाठी यादीत आणखी एक पर्याय सापडला, त्याचे नाव ‘कगप’. क ग प म्हणजे कन्नड गणक परिषत्तु. ज्या संस्थेने कर्नाटकात सर्रास वापरली जाणारी ‘नुडी’ ही कन्नड टंकलेखनाची प्रणाली तयार केली, तिच्याच मांडणीत बसवलेला मराठीचा लेआउट लिनक्समध्ये उपलब्ध आहे. के च्या कळीवर क, एम च्या कळीवर म, आणि भाषा बदलली की त्याच कळींवर कन्नडचे क आणि म. शाळेत संगणकावर जी सवय लागली तीच घरी मराठीला लागू पडली. “आज्जा, दोन्ही एकच की,” असे ती म्हणाली तेव्हा मला फार समाधान वाटले. या दोन भाषा शेजारी शेजारी कशा नांदतात याविषयी आपल्याकडे इतकी वर्षे इतके बोलले गेले आहे. एका कळफलकावर त्या विनातक्रार एकत्र बसलेल्या मी प्रथमच पाहिल्या.

लेखनासाठी मिंटमध्ये असलेल्या लिबर ऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी ठरवून योग्य फाँट निवडला तर मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मिळतात, हिंदी वळणाचे नव्हेत. स्मरणिकेसाठी मला हे महत्त्वाचे होते. मात्र जुन्या स्मरणिकांच्या फायली युनिकोडपूर्व (सर्व संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फाँटांत आहेत आणि त्या उघडल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. हा दोष मिंटचा नाही, तो फाँट नसलेल्या कोणत्याही संगणकावर तसाच दिसेल. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे हाच उपाय आहे आणि तो विंडोज हाताशी असतानाच करून घ्यावा.

उणिवाही स्पष्ट सांगतो. माझ्याकडच्या जुन्या लेझर प्रिंटरला लिनक्सवर चालणारा नीट ड्रायव्हर मिळाला नाही आणि दोन संध्याकाळी घालवून मी तो नाद सोडला. आता पीडीएफ करून शेजारी छापून आणतो. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांसाठी कंपनीचाच ड्रायव्हर मिंटमध्ये असतो, तेव्हा नवा घेणाऱ्याने हे पाहून घ्यावे. व्यापाऱ्यांची मोठी अडचण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची. ते लिनक्ससाठी बनवलेले नाही, त्यामुळे ज्यांचे हिशेब टॅलीत आहेत, ज्यांना डिजिटल सहीचे टोकन लावून निविदा भरायच्या असतात किंवा ज्यांचे छपाईचे काम कोरल ड्रॉवर चालते, त्यांनी मिंटच्या वाटेला जाऊ नये. त्यांनी एसएसडी आणि रॅम घालून विंडोज 10 ची 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची सवड वापरावी आणि तेवढ्यात आठव्या पिढीचा एखादा जुना पण चांगला संगणक पाहून ठेवावा.

चार महिन्यांत एकदाच घोटाळा झाला. एका अद्यतनानंतर आवाज बंद पडला. मिंटमधील टाइमशिफ्ट या साधनाने आदल्या दिवशीच्या स्थितीची प्रत आधीच ठेवलेली होती. तिच्यावर परत गेलो आणि दहा मिनिटांत आवाज आला. टाइमशिफ्ट सिस्टिमची प्रत ठेवते, आपल्या कागदपत्रांची आणि छायाचित्रांची नाही, त्यामुळे ती वेगळ्या डिस्कवर दर आठवड्याला उतरवावीच लागतात. पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट चालू करावे, ते आपणहून चालू नसते.

निपाणी, चिकोडी किंवा खानापूरकडच्या ज्यांना हे करून घ्यायचे आहे त्यांनी दुकानात जाताना प्रोसेसरची पिढी आणि रॅमची जात कागदावर लिहून न्यावी, आणि जुन्या डिस्कवरचा मजकूर स्वतःच्या डोळ्यांसमोर दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय कोणालाही ‘फॉरमॅट’ हा शब्द उच्चारू देऊ नये. माझी जुनी 500 जीबीची डिस्क मी कपाटात तशीच ठेवली आहे, वर 2013 ते 2025 अशी चिठ्ठी लावून. तिच्यातले सगळे नव्या जागी उतरले आहे याची नातीने माझ्यासोबत बसून एकेका फोल्डरवर खूण करत खात्री करून घेतली.