काच टिकते, झाकण जाते: आठवड्याच्या तयारीसाठी काचेचे डबे

रविवारी भाज्या-डाळींची तयारी करून ठेवायची आणि पुढचे काही दिवस तिच्यावर स्वयंपाक निभावून न्यायचा, ही रीत आता लातूरच्या नोकरदार घरांतही चांगली रुळली आहे. तिच्या पाठोपाठ, झाकणाला चारही बाजूंनी कड्या असलेले काचेचे डबे गंजगोलाईतल्या भांड्यांच्या दुकानांत स्टीलच्या डब्यांशेजारी मांडलेले दिसू लागले. आमच्या घरी वेगवेगळ्या कंपन्यांचे असे डबे काही वर्षांपासून रोजच्या वापरात आहेत आणि त्यातून बनलेले मत आधीच सांगून टाकते: बऱ्यापैकी नाव असलेल्या कंपनीची काच सहसा दगा देत नाही, दगा देते ते झाकण. त्यामुळे दुकानात जेवढा वेळ काचेची चमक पाहण्यात जातो, त्याच्या दुप्पट वेळ झाकण लावून-काढून पाहण्यात घालवावा.

या डब्यांच्या खोक्यावर जे चित्र असते, त्यात एका डब्यात एका माणसाचे पूर्ण जेवण भरलेले दाखवतात. आपल्याकडची तयारी तशी नसते. भाकरी तव्यावरून थेट ताटातच यायला हवी आणि धपाटेही गरमच खायचे असतात. आधी करून ठेवायचे ते शिजवलेले तुरीचे वरण, मोड आलेली मटकी, निवडून धुतलेली मेथी, कांदा-खोबऱ्याचे भाजून केलेले वाटण, उकडून पिळलेली अंबाडी, चिंचेचा कोळ आणि फार तर दुसऱ्या दिवसापुरती कणीक. म्हणजे आपल्याला जेवणाचे डबे नकोत, अर्धवट तयार जिनसांचे डबे हवेत, आणि मापाची निवड इथूनच सुरू होते. बाजारात साधारणपणे ३०० ते ४०० मिलिलिटर, ६०० ते ७०० मिलिलिटर आणि लिटरभर अशी तीन मापे मिळतात. वाटण आणि कोळ लहान डब्यात, वरण आणि उसळ मधल्या डब्यात, पालेभाजी मोठ्या डब्यात असा हिशेब बसतो. चौघांच्या घराला सर्वांत जास्त उपयोगी पडते ते मधले माप. तीन-चार मापांचे एकात एक बसणारे संच दिसायला नेटके असतात, परंतु प्रत्येक मापाचे झाकण वेगळे असल्याने एक झाकण गेले की तो डबा बाद होतो. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे पाच-सहा डबे घेतले तर झाकणे आपापसांत बदलता येतात, आणि हा फायदा संचाच्या देखणेपणापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आकाराबाबत फारसा विचार करावा लागत नाही. चौकोनात बसवलेले वर्तुळ त्या चौकोनाच्या पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त जागा रिकामी सोडते, त्यामुळे एका दाराच्या लहान फ्रिजमध्ये गोल डबे परवडत नाहीत. मात्र चौकोनी डब्याचे कोपरे आतून गोलसर आहेत ना, हे बोट फिरवून पाहावे. टोकदार कोपऱ्यात काळ्या तिखटाचा थर बसतो आणि तो घासणीने निघता निघत नाही.

काच दोन प्रकारची असते. बोरोसिलिकेट काच जर्मनीतल्या ओटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगशाळांसाठी घडवली. अमेरिकेतल्या कॉर्निंगने १९१५ मध्ये तशीच काच पायरेक्स या नावाने स्वयंपाकघरात आणली आणि आपल्याकडे बोरोसिल ही कंपनी १९६२ मध्ये त्याच कॉर्निंगच्या सहकार्याने सुरू झाली. या काचेत बोरॉनचे ऑक्साइड असते, त्यामुळे ती तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एकतृतीयांश प्रसरण पावते. काच तडकते ती उष्णतेने नव्हे, तर तिचा एक भाग तापून फुगतो आणि दुसरा गारच राहतो, या ओढाताणीने; जिथे फुगणेच कमी, तिथे ओढाताणही कमी. दुसरा प्रकार टेम्पर्ड काचेचा. ही साधीच काच असते, पण तापवून तिच्यावर झपाट्याने थंड हवा मारल्याने तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो, म्हणून ती आपटण्या-धडकण्याला जास्त दाद देत नाही. फुटली तर मात्र तिचे बारीक तुकडे सगळ्या स्वयंपाकघरात उडतात. बोरोसिलिकेटचे मोठे, धारदार तुकडे होतात, पण ते मोजून उचलता येतात. फ्रिजमधून काढून थोड्या वेळाने मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची सवय असेल तर बोरोसिलिकेट घ्यावी. नुसते साठवायचेच असेल तर टेम्पर्डवर भागते. खोक्यावर किंवा डब्याच्या बुडाशी प्रकार लिहिलेला असतो. नुसते ‘उष्णतारोधक काच’ एवढेच लिहिलेले असेल तर तो डबा बोरोसिलिकेटचा समजून जास्त पैसे देऊ नयेत. शिवाय यातला कुठलाही डबा गॅसवर ठेवण्यासाठी नसतो, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलेले बरे. आमच्याकडे पाहुण्या आलेल्या मावशींनी वरण गरम करायला डबा थेट शेगडीकडे नेला होता, तो वेळेवर हातातून घेतला.

आता झाकण. ते बहुधा पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचे असते आणि त्याच्या आतल्या खाचेत एक पट्टी बसवलेली असते, जिला सगळे रबर म्हणतात पण जी सिलिकॉनची असते. डबा हवाबंद राहतो तो या पट्टीमुळे. कड्यांचे काम तिला काठावर दाबून धरणे एवढेच. दुकानात एक सोपी परीक्षा करता येते. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी काचेच्या काठावर ठेवून झाकण लावावे, कड्या बसवाव्यात आणि ती पट्टी ओढून पाहावी. चारही बाजूंना ती सारखी अडली पाहिजे. एखाद्या बाजूने अलगद निघून आली तर तिथून उद्या आमटीचा कट गळणार, हे नक्की. भांड्यांचे दुकानदार याला ना म्हणत नाहीत. पाणी भरून डबा उलटा धरायलाही बहुतेक जण परवानगी देतात, कारण विकत घेणारा नंतर परत येऊन वाद घालण्यापेक्षा हे त्यांना बरे वाटते.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे कडीचा सांधा. कडी झाकणाला वेगळी बसवलेली नसते, तर त्याच प्लास्टिकची पातळ केलेली एक रेघ तिला धरून ठेवते आणि कडी त्या रेघेवर वाकते. दिवसातून चार-पाच वेळा उघड-बंद झाल्यावर ही रेघ आधी पांढरी पडते, मग एका टोकाला चिरते आणि एक दिवस कडी हातात येते. आमच्या एका संचात असेच झाले. कंपनीकडे विचारणा केली तेव्हा झाकण सुटे मिळत नाही, नवीन डबा घ्यावा, असे उत्तर मिळाले. काच धड असताना झाकणासाठी अख्खा डबा पुन्हा विकत घ्यायला लावणे हा शुद्ध आडमुठेपणा आहे, आणि माझ्या लेखी त्या कंपनीचे बाकी सगळे गुण त्याखाली झाकले गेले. काही कंपन्या झाकणे सुटी विकतात. कडीचा सांधा जाडसर, थोडा रुंद आणि कडी बसताना खट् आवाज करणारा असावा. ती बसवायला दोन्ही अंगठ्यांचा जोर लागत असेल तर घरातली वडीलधारी माणसे ती नीट लावणारच नाहीत, नुसती टेकवून ठेवतील.

सिलिकॉनची पट्टी निघणारी असली पाहिजे. न निघणाऱ्या पट्टीखाली ओल साठते आणि महिन्या-दोन महिन्यांत तिथे काळी बुरशी धरते, जी वरून दिसत नाही. चमच्याच्या मागच्या टोकाने पट्टी उचलून काढावी, साबणाने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावी. लसणाच्या चटणीचा वास मात्र या पट्टीत मुरतो आणि तो धुण्याने जात नाही. त्या चटणीसाठी एक झाकण कायमचे वाहून टाकणे हाच उपाय. हळदीचा पिवळा डाग पडतो तोही साबणाला जुमानत नाही, पण हळदीतला रंग उन्हात विटतो, आणि उन्हाच्या बाबतीत मराठवाड्याला कुणाकडे मागायला जावे लागत नाही. गच्चीवर ऊन खाऊन आलेली पट्टी बरीच उजळते.

काचेचा खरा फायदा आंबट पदार्थांना होतो. अंबाडी, चिंचेचा कोळ, ताक-दह्याच्या जिनसा ॲल्युमिनियममध्ये ठेवता येत नाहीत, प्लास्टिकला त्यांचा वास आणि रंग लागतो. काचेवर आंबटाचाही परिणाम होत नाही, तेलाचाही नाही. शिवाय आत काय आहे ते दिसते, त्यामुळे मागच्या कप्प्यात सरकलेली उसळ विसरली जात नाही. मटकीच्या बाबतीत मात्र हवाबंदपणा नडतो. मोड आलेली मटकी ओलीच डब्यात भरून कड्या लावल्या तर दोन दिवसांत ती हाताला बुळबुळीत लागते आणि तिला कुबट वास येतो. ती फडक्यावर कोरडी करून, बुडाशी कागदाचा रुमाल घालून, झाकण नुसते वर ठेवून फ्रिजमध्ये ठेवावी. मेथीचेही तेच. येसर, शेंगदाण्याचा कूट आणि सुकी चटणी यांना काचेची काहीच गरज नाही. ती स्टीलमध्ये मजेत राहतात.

गरम वरण भरून लगेच कड्या लावण्याचा मोह टाळावा. आतली वाफ थंड होऊन आकसते आणि झाकण असे चिकटते की उघडताना कडीच तुटायची. दुसरीकडे, उघडे ठेवून तासन्‌तास गार करणेही आपल्या हवेत धोक्याचे आहे. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे, आणि बाहेरचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात, असा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. लातूर-नांदेडकडे मार्चपासून पाऊस पडेपर्यंत दुपारी पारा याहून कितीतरी वर असतो. म्हणून एक खोल डबा भरण्यापेक्षा दोन उथळ डबे भरावेत; उथळ थर लवकर निवतो. भाताबाबत अधिक जपावे, कारण त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यानेही मरत नाहीत आणि कोमट भातात ते पुन्हा वाढू लागतात.

‘आठवड्याची तयारी’ हा शब्द शिजवलेल्या अन्नापुरता सैल अर्थानेच घ्यावा लागतो. फ्रिज ५ अंशांच्या खाली चालत असेल तर शिजवलेले वरण, उसळ तीन ते चार दिवस टिकते, सात दिवस नव्हे. डबा कितीही हवाबंद असला तरी हा हिशेब बदलत नाही. रविवारचे बुधवारपर्यंत संपवावे आणि उरलेल्या दिवसांचे फ्रीझरमध्ये टाकावे. फ्रीझरमध्ये टाकताना डबा काठोकाठ भरू नये, दोन बोटे जागा सोडावी, कारण पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगते आणि जागा न मिळाल्यास ते काचेलाच ढकलते. भारनियमनाच्या दिवसांत फ्रिजचे दार बंद ठेवले तर आतली थंडाई चारेक तास धरून राहते. त्याहून जास्त वेळ लाईट गेली असेल तर डाळ-उसळीवर दया दाखवू नये, सरळ टाकून द्यावी.

बोअरच्या पाण्याने धुतल्यावर काचेवर पांढुरका थर चढतो आणि नवा डबा वर्षभरात जुनाट दिसू लागतो. तो क्षारांचा थर असतो, काच खराब झालेली नसते. अर्धे लिंबू चोळून पाच मिनिटे ठेवले किंवा व्हिनेगर फिरवले की तो जातो. तारेची घासणी मात्र लावू नये, तिने पडलेल्या बारीक ओरखड्यांतूनच पुढे काच तडकते.

आतून कप्पे असलेले डबे मी घेणार नाही. मधली भिंत झाकणाच्या पट्टीपर्यंत नीट पोचत नसेल तर डबा कलताच वरण भाजीत शिरते, आणि ती पोचते की नाही हे घरी आल्यावरच कळते. बांबूचे झाकण फोटोत छान दिसते, हवाबंद नसते. कामावर डबा न्यायलाही काच नको. औसा रोडवरून दुचाकीच्या डिक्कीत जाणाऱ्या डब्याला स्टीलच हवे, वजनालाही आणि खड्ड्यांनाही.

मधल्या मापाचा चांगला बोरोसिलिकेट डबा साधारण ३०० ते ४०० रुपयांच्या घरात पडतो. स्टीलच्या तुलनेत हे महाग आहे, आणि म्हणूनच घरातले सगळे डबे एकदम काचेचे करण्याची घाई करू नये. वाटण, अंबाडी आणि वरण एवढ्यापुरते आधी घेऊन पाहावे. ऑनलाइन थोडे स्वस्त मिळतात, पण कागदाच्या पट्टीची परीक्षा तिथे करता येत नाही. दुकानात घेत असाल तर झाकण सुटे मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारावे, आणि दुकानदार ‘मागवून देतो’ असे मोघम म्हणाला तर खोक्यावर छापलेल्या ग्राहक सेवेच्या क्रमांकावर तिथेच उभे राहून फोन लावावा.