बर्डीतले क्लिप-ऑन फेराइट कोर: एफएमसाठी उत्तम, ५८५ साठी वेगळी तयारी

सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत सुटे मिळणारे, कुठल्याही कंपनीचं नाव नसलेले क्लिप-ऑन फेराइट कोर (गोंगाट अडवायला केबलवर बसवायच्या चुंबकीय पदार्थाच्या उघडणाऱ्या नळ्या) घ्यावेत का? राउटर, सेट-टॉप बॉक्स किंवा चार्जरमुळे एफएमवर खरखर येत असेल तर जरूर घ्यावेत. आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झचं प्रसारण स्वच्छ ऐकायचं असेल, तर मात्र केबलवर नुसती एक क्लिप लावून हाती काही लागणार नाही.

याचं कारण फेराइटच्या जातीत आहे. हे क्लिप कोर बहुधा निकेल-झिंक फेराइटचे असतात. कमी फ्रिक्वेन्सीला असा कोर साध्या कॉइलसारखा वागतो. फ्रिक्वेन्सी वाढली की त्याचा रोधक भाग वरचढ होतो आणि नको असलेला सिग्नल उष्णता होऊन कोरमध्येच जिरतो. साधारण २५ ते ३०० मेगाहर्ट्झ हा त्याचा खरा प्रांत, आणि एफएमचा ८८ ते १०८ चा पट्टा त्यात नेमका बसतो. ५८५ किलोहर्ट्झला तोच कोर एका वेढ्यात, म्हणजे वायर भोकातून एकदाच नेली तर, जेमतेम काही ओहमचा अडथळा देतो. मँगनीज-झिंकचा कोर तिथे जास्त कामाचा. ओळखायचं कसं? मल्टिमीटर सर्वांत वरच्या ओहम रेंजवर ठेवा आणि दोन्ही प्रोब फेराइटच्या उघड्या पृष्ठभागावर टेकवा. निकेल-झिंकवर काहीच रीडिंग येत नाही, मँगनीज-झिंकवर बहुधा येतं. मात्र कोरला रंग किंवा लेप असेल तर ही चाचणी फसते.

मँगनीज-झिंक मिळाला नाही तर वेढे वाढवा. भोकातून वायर जितक्या वेळा जाते तितके वेढे धरायचे, आणि कमी फ्रिक्वेन्सीला अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: ३ वेढ्यांना ९ पट, ५ वेढ्यांना २५ पट. म्हणून अॅडॉप्टरच्या बारीक डीसी केबलसाठी ५ मिमी भोकाचा घट्ट कोर न घेता १३ मिमी भोकाचा घ्या. कोर उघडतो, त्यामुळे पिन कापावी लागत नाही. टोरॉइडपेक्षा, म्हणजे न उघडणाऱ्या अखंड कड्यापेक्षा, ही मोठी सोय आहे. आत जाणारी आणि बाहेर येणारी वायर एकत्र बांधू नका. दोन्ही जवळ आल्या की गोंगाट कोरला वळसा घालून पुढे निघून जातो. याच कारणाने खूप वेढे घेतले की एफएमच्या पट्ट्यातला परिणाम घटतो. एफएम आणि ५८५ दोन्हीकडे त्रास असेल तर एका कोरवर ५ वेढे घ्या आणि दुसरा कोर एका वेढ्याचा लावा.

कोर लावायचा तो गोंगाट करणाऱ्या उपकरणाच्या केबलवर, उपकरणाला जितका जवळ लावता येईल तितका. आधी गुन्हेगार शोधा: रेडिओ सेलवर चालवा, घरातला मुख्य एमसीबी स्विच बंद करा, मग चालू करून एकेक उपकरण लावत जा. एलईडी बल्बचा ड्रायव्हर दोषी निघाला तर बल्ब बदललेलाच बरा, तिथे क्लिप लावायला वायरच नसते. केबलमधल्या दोन्ही तारा एकाच भोकातून गेल्या पाहिजेत. मग जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना रद्द करतं आणि अडथळा फक्त दोन्ही तारांवरून एकाच दिशेने वाहणाऱ्या गोंगाटाला होतो. एकच तार आत घेतली तर मुख्य प्रवाहानेच कोर संपृक्त होऊ लागतो, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता भरून अडथळा घटतो, आणि वेढे जास्त असतील तर लवकर.

माल घेताना प्रत्येक नग उघडून बघा. दोन्ही अर्ध्या भागांची मिळणारी पृष्ठं गुळगुळीत हवीत. कडेचा टवका उडालेला असेल, आत धूळ असेल किंवा क्लिप सैल असेल तर मध्ये हवेची फट राहते, आणि केसाएवढ्या फटीनेही अडथळा बराच घटतो. सुट्या मालात नेमका हाच दोष जास्त सापडतो. लांब आणि जाड भिंतीचा कोर पसंत करा. एका वेढ्यासाठी भोक केबलला लगटून बसणारं हवं. गच्चीवरच्या डिशच्या केबलला लावणार असाल तर नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांनी फेराइटला काही होत नाही, पण उन्हाने प्लास्टिकची बिजागरी ठिसूळ होते. वरून काळा, उन्हात टिकणारा केबल टाय आवळा.

सर्किट बोर्डवर थेट सोल्डर होणारे फेराइटचे चिमुकले भाग, म्हणजे एसएमडी बीडही घेणार असाल तर '१०० मेगाहर्ट्झला ६०० ओहम' एवढ्यावर भुलू नका. तो आकडा डीसी प्रवाह नसतानाचा असतो. रेटेड प्रवाहाच्या निम्म्यावरच तो खूप खाली येऊ शकतो. डीसी रोध ०.३ ओहम असेल तर ५०० मिलिअँपिअरला ०.१५ व्होल्ट तिथेच जातात. पुढे फक्त सिरॅमिक कपॅसिटर लावला तर बीड आणि कपॅसिटर मिळून रेझोनन्स, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीला दोलन, होतो आणि काही फ्रिक्वेन्सींना गोंगाट उलट वाढतो. सोबत एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर द्या, त्याचा अंतर्गत रोध हे दोलन दाबतो.

अँप्लिफायरची ५० हर्ट्झची घूं किंवा कूलर सुरू होताना पडणारा व्होल्टेज, यांसाठी हे कोर विकत घेऊ नका. पहिल्यासाठी अर्थिंगची जोडणी तपासा, दुसऱ्यासाठी वायरिंग. घरासाठी १३ मिमीचे दोन आणि ५ मिमीचे तीन-चार नग पुरतात.