नारिंगी लेबल आणि कोपऱ्यातला अंगठा

मुलीसाठी गाडीत ठेवायची बूस्टर सीट घेताना माझी 3,499 रुपयांची फसवणूक झाली. रक्कम फार मोठी नाही आणि केवळ तेवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते. परंतु ती सीट जवळजवळ सात आठवडे आमच्या गाडीत होती, तिच्यात बसून माझी साडेचार वर्षांची मुलगी पुण्याहून साताऱ्याला तीन वेळा जाऊन आली आणि त्या सगळ्या प्रवासांत, आपण मुलीची सोय नीट केली आहे अशा समजुतीत, मी पुढे बसून निवांत डुलक्या काढत होते, हे आठवले की अजूनही पोटात गोळा येतो.

मी अगदीच अजाणतेपणी फसले असते तर वाईट कमी वाटले असते. वस्तुस्थिती अशी, की मी बरेच वाचले होते. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम 194-ब आले आणि चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्ट किंवा बालसुरक्षा सीटशिवाय गाडीत असेल तर एक हजार रुपये दंडाची तरतूद झाली, हे मला माहीत होते. पुढे सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळच्या अपघातात मागच्या सीटवर बसलेल्या सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाल्यावर आमच्या घरातही मागचा पट्टा लावण्याची शिस्त आली. सासूबाईंचे म्हणणे मात्र शेवटपर्यंत एकच होते, की आमच्या वेळी पोरे मांडीवर बसून कोल्हापूरपर्यंत जात. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, पण ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी आदळली तर 16 किलोचे मूल हातांनी धरून ठेवणे कोणत्याही माणसाच्या आवाक्यातले नसते, एवढे मी पतीला पटवून दिले होते.

मुलगी तोपर्यंत नणंदेने दिलेल्या पाच पट्ट्यांच्या लहान सीटमध्ये बसत असे. तिचे खांदे सर्वांत वरच्या खाचेच्याही वर गेले, तेव्हा बूस्टर घ्यायचे ठरले. गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. 104 सेंटिमीटर उंचीच्या मुलीला तो तसाच लावला तर खालचा भाग ओटीपोटावर येतो आणि वरचा भाग गळ्यावर. धक्का बसल्यावर तो भार कमरेच्या आणि खांद्याच्या हाडांनी झेलायचा असतो, पोटात तर झेलायला हाडच नाही. तिथे यकृत आणि आतडी असतात. बूस्टर मुलाला उंच करते आणि पट्टा मांड्यांच्या सांध्याजवळ खाली व खांद्याच्या मध्यावर आणून ठेवते. त्याचे काम एवढेच, पण ते काम बैठकीच्या कडकपणावर आणि पट्टा जिथे अडकवायचा त्या पकडीवर अवलंबून असते. नेमका हाच भाग आमच्या सीटमध्ये सर्वांत कमकुवत निघाला.

वाचता वाचता मला एक शब्द मिळाला होता : ई-मार्क. युरोपात आर 44 नावाचे मानक होते, ज्यात मुलाच्या वजनावरून गट ठरत. 2013 पासून त्याच्या शेजारी आर 129 आले, ज्यात उंचीवरून निवड होते आणि बाजूने बसणाऱ्या धक्क्याचीही चाचणी असते. आपल्याकडचे एआयएस-072 हे मानक बरेचसे आर 44 वर बेतलेले आहे. (हे मानक प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था आमच्या घराजवळच्या टेकडीवर आहे. मी रोज सकाळी तिच्या कुंपणाशेजारून चालत जाते आणि तरीही मला फसवता आले, याचे हसू आता येते, तेव्हा आले नाही.) या दोन युरोपीय मानकांची मान्यता मिळालेल्या सीटवर नारिंगी रंगाचे लेबल असते आणि त्यावर वर्तुळात इंग्रजी ई अक्षर व एक आकडा असतो, एवढे ज्ञान घेऊन मी एका मोठ्या खरेदी संकेतस्थळावर शोध सुरू केला.

चांगल्या कंपन्यांची बूस्टर दहा ते अठरा हजारांच्या घरात दिसत होती. त्यांच्यामध्येच ही एक दिसली : 11,999 रुपये खोडून 3,499, नऊ ते छत्तीस किलोपर्यंत चालणारी, नावात 'आयसोफिक्स' (सीट गाडीतल्या धातूच्या कड्यांना थेट अडकवण्याची सोय) आणि 'युरोप सर्टिफाइड' हे दोन्ही शब्द, खाली शेकडो अभिप्राय. किंमत पाहून शंका आली, म्हणून मी विक्रेत्याला प्रश्नाच्या जागी लिहून विचारले, की या सीटला ई-मार्क आहे का. दोन मिनिटांत उत्तर आले, 'यस मॅडम, हंड्रेड पर्सेंट ओरिजिनल', आणि सोबत लेबलाचे छायाचित्र. नारिंगी रंग होता, वर्तुळातले ई होते, आकडे होते. छायाचित्राच्या उजव्या कोपऱ्यात लेबल धरणाऱ्याचा अंगठा आला होता, नखाच्या मुळाशी काळसर डाग पडलेला. त्या अंगठ्यामुळे माझा विश्वास उलट वाढला, कारण कोणीतरी खरीखुरी सीट हातात धरून माझ्यासाठी फोटो काढला आहे असे मला वाटले.

माझी चूक इथे झाली. मी त्या लेबलावर काय लिहिले आहे ते वाचले नाही, लेबल आहे एवढेच पाहिले. अर्धवट माहिती असलेले गिऱ्हाईक कोणता शब्द विचारते हे या विक्रेत्यांना पाठ असते आणि तोच शब्द ते छापून तयार ठेवतात.

सीट आली तेव्हा खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता, महिना-वर्ष, ग्राहक सेवेचा क्रमांक यांपैकी काहीच नव्हते. पाकीटबंद मालावर हे सारे छापणे कायद्याने बंधनकारक आहे, ते मला नंतर कळले. माहितीपत्रक म्हणून एक घडी घातलेला कागद होता, त्यावर चार पुसट आकृत्या. 'आयसोफिक्स' म्हणजे सीटच्या मागे शिवलेली एक नाडी आणि तिच्या टोकाला दोन हूक निघाले. खरे तर त्याच दिवशी परत पाठवायला हवी होती. पण मुलगी तिच्यात बसली, खिडकीतून बाहेर दिसते म्हणून खूश झाली, आणि आम्हीही सोडून दिले.

तिसऱ्या खेपेला साताऱ्याहून परत येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर जे एस आकाराचे वळण आहे, तिथे पुढच्या टेम्पोने एकाएकी वेग कमी केला आणि पतीने जोरात ब्रेक मारला. टक्कर झाली नाही. मागून 'टक्' असा आवाज आला. वळून पाहिले तर खांद्याजवळची पट्टा धरून ठेवणारी लाल पकड मुळापासून तुटून मुलीच्या मांडीवर पडली होती आणि पट्टा तिच्या गळ्यावर आला होता. मानेवर बोटभर लांबीचा लाल वळ उठला होता, दुसऱ्या दिवशी तो गेलाही. नुसत्या ब्रेकने ही अवस्था झाली, प्रत्यक्ष धडकेत काय झाले असते, या विचाराने शिरवळपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

माझा धाकटा भाऊ जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. त्याच्या दोन्ही मुलांसाठी त्याने अशा सीट घेतल्या आहेत; तिकडे मूल बारा वर्षांचे किंवा 150 सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत त्यातून सुटका नसते. त्याच रात्री व्हिडिओवर त्याला ते लेबल दाखवले. तो म्हणाला, "ताई, जरा जवळ धर आणि तू स्वतः मला मोठ्याने वाचून दाखव." मी वाचू लागले आणि वाचता वाचताच मला घाम फुटला. वरच्या ओळीत 'आर 44/04' होते, म्हणजे मानकाची चौथी सुधारणा, तर खालच्या मान्यता क्रमांकाचे पहिले दोन आकडे 03 होते. ते दोन्ही जुळले पाहिजेत, तेच तर त्या आकड्यांचे काम आहे. लेबलावर वजन 9 ते 18 किलो होते, खोक्यावर 9 ते 36. 'युनिव्हर्सल' या शब्दातले एक अक्षर गळाले होते. वर्तुळातल्या ई-शेजारी 4 होता. तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो, 1 म्हणजे जर्मनी, 2 म्हणजे फ्रान्स, 4 म्हणजे नेदरलँड्स, आणि त्यावरून सीट त्या देशात तयार झाली असे ठरत नाही. विक्रेत्याने मात्र वर्णनात 'मेड इन जर्मनी टेक्नॉलॉजी' असे लिहिले होते, ज्याचा अर्थ माझ्या भावालाही लागला नाही. शेवटी त्याने नखाने लेबलाचा कोपरा उचलून बघायला सांगितले, तर ते वहीवरच्या स्टिकरसारखे अखंड निघून हातात आले.

मग आम्ही सीटचे कापड उसवले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना जे पंख असतात, त्यांच्या आत टीव्हीच्या खोक्यात असतो तसला दाट, थर्माकोलसारखा थर असायला हवा, कारण तो चिरडला जाऊन आघात शोषतो. आत गादीचा स्पंज होता. बोटाने दाबला की पलीकडचे पातळ प्लास्टिक हाताला लागत होते.

तक्रारीची कथा थोडक्यात सांगते. विक्रेत्याने उत्तर देणे बंद केले. संकेतस्थळाने सांगितले, की परतीची दहा दिवसांची मुदत संपली आहे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली, लेबलाचे आणि तुटलेल्या पकडीचे फोटो, बिल आणि विक्रेत्याशी झालेला संवाद जोडला, आणि संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही वेगळे लिहिले. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचे असते, हे त्या पत्रात मुद्दाम नमूद केले. त्यानंतर सूर बदलला. आधी त्यांनी पैसे त्यांच्याच वॉलेटमध्ये देऊ केले, ते मी नाकारले. मग सीट परत पाठवण्याची अट घातली, तीही मी नाकारली, कारण परत गेलेली सीट नवी पकड चिकटवून दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाखाली जाणार, याची मला खात्री होती. जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याची तयारी मी ठेवली होती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. तशी वेळ आली नाही. सव्विसाव्या दिवशी पैसे बँकेत जमा झाले.

दुसरी सीट घेताना मी मुलीला आणि गाडीला घेऊनच दुकानात गेले. लेबल सीटच्या अंगावर पाहिले, फोटोत नाही. ते आर 129 चे होते, त्यावर 100 ते 150 सेंटिमीटर अशी उंची छापली होती, आणि मुलगी 104 सेंटिमीटर असल्याने ते जुळत होते. दुकानदाराने त्याच्याकडची पाठ नसलेली, नुसती बैठकीची स्वस्त बूस्टरही दाखवली. पण आर 129 मध्ये ती 125 सेंटिमीटर उंचीनंतरची आहे, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो जरा चपापला. सीट गाडीत ठेवून पट्टा लावून पाहिला : खालचा भाग मांड्यांच्या वर टेकतो का, वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून जातो का, बकलपर्यंत पट्टा पुरतो का. आमच्या गाडीत मागच्या मधल्या जागेवर नुसता कमरेचा पट्टा आहे आणि त्यावर बूस्टर वापरता येत नाही, हेही तिथेच लक्षात आले. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली सीट कोणाकडे असेल तर तिच्यावर ई नसेल, तिकडे एफएमव्हीएसएस 213 हे वेगळे मानक चालते. तेवढ्यावरून ती नकली समजू नये. वापरलेली सीट मात्र जिचा इतिहास स्वतःला ठाऊक आहे तीच घ्यावी, कारण अपघातातून गेलेली सीट वरून धडधाकट दिसू शकते.

पैसे मिळाल्यावर खोटी सीट मी माळ्यावर टाकली होती. शेजारच्या वहिनींनी ती पाहिली आणि पडूनच आहे तर त्यांच्या नातवाला द्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी मी तिचे कापड कात्रीने फाडले, पतीने बैठक हातोड्याने फोडली आणि मगच ती भंगारवाल्याला दिली.

विक्रेत्याचे पान तक्रारीनंतर संकेतस्थळावरून गेले. महिन्याभराने सहज शोधले तर तीच सीट वेगळ्या नावाच्या दुकानात 3,299 रुपयांना दिसली. मी नव्या गिऱ्हाइकासारखे विचारले, की हिला ई-मार्क आहे का. तीन मिनिटांत 'यस सर' आले आणि मागोमाग लेबलाचा फोटो. उजव्या कोपऱ्यात नखाच्या मुळाशी डाग असलेला तोच अंगठा. तो फोटो जोडून मी 1915 वर दुसरी तक्रार केली आहे.